खिशाच्या झाकणाखाली

९ जानेवारी

प्रिय मामा,

मंगळवारी दुपारी, पदकांवर भरलेला निळा मीना भट्टीत असताना, वर्कशॉपचं दार ढकलून ती आत आली आणि त्या क्षणापासून तुझा भाचा पूर्वीचा राहिला नाही. हस तू. शिलाई मशीनवर पाय ठेवून, चष्मा कपाळावर चढवून तू हसत असशील हे मला इथून दिसतंय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि इथे सांगायला आहे कोण? मास्तरांना प्रेसच्या दणक्याने अर्धं ऐकू येत नाही. उरलेल्या अर्ध्यात ते फक्त 'ए कॉलेज, चकत्या आण' एवढंच बोलतात. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला 'कॉलेज' म्हणून हाक मारायची, ही त्यांची आयुष्यातली एकुलती एक गंमत.

ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासते, कडा उतरवते, फ्रेममध्ये बसवते. तीन महिने मी तिला काचेपलीकडे पाहत होतो, म्हणजे दोन काचांपलीकडे, एक तिच्या दुकानाची आणि एक आमची. त्या दिवशी मधे काहीच नव्हतं. काउंटरवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, "पुलाचं पदक तुमच्याकडेच बनतं ना?"

मी म्हटलं, "बनतं काय, त्याची डाय मी कोरली आहे." हे सांगायची काही गरज नव्हती. पण खरं होतं. तूच ते काम इकडे पाठवलं होतंस, तुझ्या छावणीतल्या साहेबांचं. मधे तुटका पूल, खाली पाण्याच्या तीन रेषा, कडेने 'सगळे परत आलो' ही अक्षरं, डायमध्ये, म्हणजे पोलादी ठशात, उलटी आणि पदकावर सुलटी. पोलादात उलटं कोरताना मी महिनाभर आरशात बघून लिहायला शिकलो. मास्तर कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत, पण तेव्हा म्हणाले होते, "अक्षर आहे बरं का पोराला."

ती म्हणाली, "मग मला एक हवंय. माझ्या दादासाठी."

तिचा दादा त्याच पलटणीत होता. आता नोकरी सोडून घरी आलाय. परवा त्याचा एक जुना सोबती तिच्या दुकानात चष्मा करायला आला, त्याने खिशाचं झाकण वर करून आतलं पदक दाखवलं आणि विचारलं, "तुझा दादा दाखवत नाही का?" दादाकडे नाहीच आहे, मामा. अख्ख्या पलटणीला मिळालं आणि त्याला नाही. घरी आई समजून बसली आहे की पोराने काहीतरी कच खाल्ली असणार. ती हे सांगत होती तोवर माझा निळा मीना जळून काळा झाला. मास्तर आतून ओरडले. मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी बहिरा मी होतो.

आता तू सांग. तू छावणीत आहेस, त्या सगळ्यांचे कपडे तूच शिवतोस. एका माणसाला का वगळलं? आणि त्याच्यासाठी एक पदक काढायला काय हरकत आहे? डाय अजून आमच्याच कपाटात आहे.

लवकर लिही. झोप नाही मला.

तुझा,
भाचा


१७ जानेवारी

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा तुझ्या मामीने. ती म्हणाली, पोराला ताप आहे. मी म्हटलं, आहे खरा, पण डॉक्टरला दाखवण्यातला नाही.

आधी कामाचं. तू पदकं बनवतोस पण ती काय असतात हे तुला नीट ठाऊक दिसत नाही, म्हणून सांगतो. पलटणीच्या साहेबाला वाटलं की आपल्या माणसांनी एखादी गोष्ट एकत्र पार पाडली, तर तो स्वतःच्या पदरचे घालून असं पदक काढतो. त्याला सरकारी कागद नाही, हुकूम नाही. म्हणून ते छातीवर लावता येत नाही. आमच्या पलटणीत ते डाव्या खिशाच्या झाकणाखाली लावतात, आतून, दिसणार नाही असं. त्यासाठी झाकणाला आतून एक लूप लागतो, तो मी शिवतो. दोन सोबती भेटले की झाकण वर करून दाखवतात. सरकारी पदक आलं की ते घ्यावंच लागतं. याचं तसं नाही. हे घरगुती आहे, राजीखुशीचं.

तुझ्या चष्मेवालीच्या दादाबद्दल एवढंच सांगतो, तो तिथे होता आणि त्याने कच खाल्ली नाही. त्याच्या आईला माझ्या नावाने सांग, म्हणावं शिंपी सांगतोय. यापुढे विचारू नकोस. मी माणसांची मापं घेतो, ती बाहेर सांगत नाही.

आणि ती डाय. काम संपलं की डायवर छिन्नीने फुली मारून ती पलटणीत जमा करायची, हा दंडक आहे. साहेबांनी ते सध्या थांबवायला सांगितलं म्हणून ती अजून कपाटात आहे. ती तुझी नाही. हात लावू नकोस.

मुलगी चांगली असेल तर चांगलं बोल तिच्याशी. पोलादात कोरून दाखवायची गरज नसते.

तुझा,
मामा


२९ जानेवारी

प्रिय मामा,

रागावू नकोस. किंवा रागव, पण पूर्ण वाचून.

तुझा निरोप मी त्यांच्या घरी पोहोचवला. जायला निमित्त हवं होतं. आमच्या पॉलिशच्या चाकाची मोटर जळली, आणि तिचा दादा घरी मोटारींचं वायंडिंग करतो. गल्लीत शेवटचं घर, दोन खोल्या, पुढच्या खोलीत तांब्याच्या तारेची रिळं, खिडकीशी स्टूल. तो स्टुलावर बसून जळकी तार उकलत होता. मी आपला पदकांबद्दल, प्रेसबद्दल, मीन्याबद्दल बोलतोय, तो मान खाली घालून तार गुंडाळतोय. शेवटी म्हणाला, "किती बोलतोस रे तू." बास. मोटर ठेवून घेतली, परवा ये म्हणाला.

त्याच्या आईने दारापर्यंत येऊन मला हळू विचारलं, "तुम्ही ते पदक सगळ्यांनाच करून देता का?" मी तुझा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "शिंप्यांचं बरोबर असेल. पण शिंपी म्हणजे साहेब नव्हे."

मामा, तू म्हणतोस तो होता तिथे. मग साहेब कोण लागून गेला त्याला वगळणारा? घरगुती म्हणतोस, राजीखुशीचं म्हणतोस, तर ही कुठली राजी आणि कुणाची खुशी? रस्ताभर माझं डोकं तापलं होतं. दोन वेळा सायकलखाली येता येता वाचलो.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि मी एक पदक काढलं.

प्रेसला एरवी दोघं लागतात, एक चकती ठेवायला आणि एक दांडा फिरवायला. मी एकट्याने केलं. दांडा फिरवला तेव्हा कपाटातल्या ढाली खणखणल्या. पण पदक उतरलं, मामा, पहिल्या दणक्यात. पुलाची एकेक फळी मोजावी अशी. मीना भरला, भाजला, घासलं, फीत ओवली. मग समोर गेलो.

ती काच घासत होती. हात पुसून तिने पदक घेतलं, काचा तपासायचं भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "यातलं निळं जरा गडद आहे, त्यांच्यापेक्षा." तिचा डोळा बघ. मी म्हटलं, "नव्या डब्यातला मीना आहे." मग तिने विचारलं, "हे तुम्ही असंच काढून दिलंत? चोरून?"

आणि मी म्हणालो, "नाही. साहेबांनीच पाठवलंय. चुकून राहिलं होतं म्हणाले."

का म्हणालो माहीत नाही. तिचा चेहरा बघवला नाही म्हणून म्हणालो. तिने भिंग काढलं, डोळे पुसले, हसली, आणि माझ्या हाताला हात लावला. बोटांना काचेची पूड होती. अजून माझ्या मनगटावर आहे, मी धुतलं नाही, म्हणजे कालपर्यंत धुतलं नव्हतं.

कुणी विचारलंच तर तुझ्याकडून आलं म्हणून सांग. एवढं कर. भाच्यासाठी इतकं तरी.

तुझा,
भाचा


१२ फेब्रुवारी

चि. भाच्यास,

आशीर्वाद. बसून वाच.

गेल्या आठवड्यात तो इथे आला. तुझ्या चष्मेवालीचा दादा. रात्रभराचा प्रवास करून, दाढी वाढलेली, थेट माझ्या दुकानात. मी पँटची पट्टी दुमडत होतो. त्याने खिशातून पदक काढलं आणि मशीनच्या फळीवर ठेवलं. म्हणाला, "शिंपीमास्तर, साहेब बंगल्यावर आहेत का? एकदा समोर उभं राहून नको म्हटलं, ते पुरलं नाही का? आता आईच्या हाताने उशाशी ठेवायचं?"

कळलं तुला? त्याला कुणी वगळलं नव्हतं. त्यानेच घेतलं नाही.

पदकं वाटली त्याच्या आधी मी सगळ्यांच्या शर्टांना लूप शिवून ठेवले होते, त्याच्याही. दुसऱ्या दिवशी तो शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, उसवा. मी का म्हणून विचारलं नाही. उसवताना त्यानेच सांगितलं.

नदीवरचा पूल तुटला होता आणि पलटण पलीकडच्या काठाला अडकली होती. एका नावाड्याने पहाटे, धुक्यात, सगळ्यांना फेऱ्या करून अलीकडे आणलं. त्या ठिकाणी पाण्याला ओढ फार. पलीकडच्या काठावर कुणीतरी दोर धरून हळूहळू सोडल्याशिवाय नाव सरळ जात नव्हती. तोवर माणसं होती, दोर धरायला कुणी ना कुणी होतं. शेवटच्या फेरीला कोण धरणार? हा म्हणाला, मी धरतो. नावाडी म्हणाला, तुम्ही जा, मला पोहता येतं. याने दोर सोडला नाही तेव्हा साहेबांनी त्याला दंडाला धरून नावेत ओढलं. दोर नावाड्याने धरला, वल्ही आपल्याच माणसांनी मारली, नाव निघाली. मागे गोळीबार सुरू झाला. अलीकडे येऊन साहेबांनी हजेरी घेतली. एकही कमी नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, आणि तिथेच त्यांना ते शब्द सुचले, 'सगळे परत आलो'.

नावाडी परत आला नाही, पण तो हजेरीत नव्हता. तो पलटणीचा नव्हता ना.

पदक पुढे आलं तेव्हा हा म्हणाला, "साहेब, यावर लिहिलंय ते खरं नाही." आणि हात मागे बांधून उभा राहिला. साहेबांनी जबरदस्ती केली नाही. हे पदक नाही म्हणता येतं, मी तुला लिहिलं होतं. तू वाचलं नाहीस.

तर तो बंगल्याकडे निघाला होता. मी हात धरून बसवलं आणि खरं सांगितलं, की हे साहेबांनी नाही, माझ्या भाच्याने पाठवलंय. त्याने पदक उचलून बघितलं. "कोरलंय कुणी?" मी म्हटलं, त्यानेच. म्हणाला, "अक्षर चांगलं आहे."

भाच्या, मला कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पदक परत न्यायला तो तयार नव्हता. खाकीच्या तुकड्यात शिवून या पाकिटात पाठवतोय. बहिणीला तो काही सांगणार नाही. म्हणाला, "ते त्याचं त्याने बघावं."

बघ.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

पाकीट फोडलं तेव्हा मास्तर समोर होते. "काय आहे रे खाकीत?" मी म्हटलं, मामाने खिसा पाठवलाय. त्यांना नीट ऐकू आलं नाही, हे बरं झालं.

आधी तुझ्यावर ओरडून घेतो. तुला सगळं ठाऊक होतं. एक ओळ लिहिली असतीस, 'त्याने नाकारलं', तर मी दांड्याला हात लावला नसता. तुझी मापं, तुझं मौन, तुझी खाकी. तू मला लहान मुलासारखं राजीखुशीची गोष्ट सांगितलीस आणि मी समजून घ्यायचं होतं. मला नाही समजत सूचक. म्हणूनच मी कॉलेजात टिकलो नाही. सरळ सांगायचं होतंस.

झालं ओरडून.

तिला सांगितलं. शनिवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती एका म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होती. मी सगळं एका दमात सांगितलं, साहेबांचं नाव मी लावलं, पदक मी काढलं, दादाने आधीच नको म्हटलं होतं, नावाडी, दोर, सगळं. ती स्क्रू पिळत राहिली. पिळून झाल्यावरही पिळत राहिली, इतका की दांडी जाम झाली.

मग म्हणाली, "आईला आनंद झाला होता. आईने ते त्याच्या उशाशी ठेवलं. आणि तो उठून, न जेवता, बॅग घेऊन निघून गेला. आम्ही समजलो, साहेबांचे आभार मानायला गेला."

मी म्हटलं, "मला वाटलं..."

"तुला वाटलं. तुला काय वाटलं हे सगळ्यांनी बघायचं. माझ्या दादाला काय वाटतं हे तू विचारलंस? तू त्याच्यासमोर बसून तासभर बोललास म्हणे. एक प्रश्न विचारला नाहीस."

मामा, ती मला तू म्हणाली. इतके दिवस तुम्ही, तुमचं, तुम्हाला. आणि तू झालं ते असं. तेवढंच पदरात पडलं, आणि तेही फेकून मारलेलं.

मग म्हणाली, "इकडे येऊ नकोस." मी रस्ता ओलांडून आलो. आता आमच्या काचेतून तिची काच दिसते आणि तिने तिकडून पडदा ओढलाय. ऊन येतं म्हणून, असं दुकानाचे मालक मास्तरांना म्हणाले. त्या बाजूला ऊन येत नाही.

आणि ऐक, यावर कडी. तुझ्या साहेबांकडून नवीन काम आलंय. पुढच्या महिन्यात मेळावा आहे, जे दवाखान्यात होते त्यांना आणि आणखी काहींना द्यायला पुन्हा तीच पदकं. मास्तरांनी डाय माझ्यापुढे टाकली. "अक्षरांच्या कडा जरा ताज्या कर." म्हणजे 'सगळे' हा शब्द मी आणखी खोल कोरायचा. दोन दिवस छिन्नी हातात घेतो आणि ठेवतो. मास्तर विचारतात, तब्येत ठीक आहे ना? मी म्हणतो, दात दुखतोय. ते आपुलकीने त्यांच्या डॉक्टरचा पत्ता देतात.

मला बसवत नाही, उभं राहवत नाही. संध्याकाळी चालत सुटतो ते पाय दुखेपर्यंत. तुझा तो साहेब समोर आला ना, तर मी त्याला विचारणार आहे. सोडणार नाही.

भाचा


२ मार्च

चि. भाच्यास,

ओरडलास ते बरोबर. मी सरळ लिहायला हवं होतं. इतकी वर्षं माणसांना सैल आणि घट्ट एवढंच विचारत आलो, तिसरं बोलायची सवय राहिली नाही.

म्हणून आता सरळ लिहितो. साहेबांना विचारशील तर विचार, मी अडवत नाही. पण एक सांगून ठेवतो. त्यांचे शर्टही मीच शिवतो. पदकं वाटली त्या वर्षापासून आजतागायत त्यांच्या एकाही शर्टाला आतून लूप नाही. मी पहिल्यांदा शिवून दिला होता. त्यांनी परत पाठवला, चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त लूपवर खडूची फुली.

अख्ख्या पलटणीत असे दोनच शर्ट आहेत.

ते येत्या आठवड्यात तुमच्याकडे नमुना बघायला येणार आहेत. मामी विचारते, तू जेवतोस का.

मामा


१२ मार्च, सकाळ

प्रिय मामा,

जेवतो म्हणून सांग मामीला. आज डबासुद्धा बांधून घेतलाय. का ते सांगतो.

मागच्या शुक्रवारी तिचा दादा वर्कशॉपात आला. मोटारीचं निमित्त नव्हतं, मोटर केव्हाच फिरतेय. म्हणाला, "डाय दाखव." मी दाखवली. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, उलट्या अक्षरांवरून, आंधळा माणूस वाचतो तसं. विचारलं, "हे काढता येतं?"

मी म्हटलं, डायमधली अक्षरं म्हणजे खड्डा. खड्डा आणखी खोल करता येतो, भरता येत नाही. पण पदकावर तीच अक्षरं वर आलेली असतात. पदकावरची घासता येतात.

या वेळी मी तेवढंच बोललो आणि थांबलो. आणि मग, तिने सुनावलं होतं ना, म्हणून एक प्रश्न विचारला. "तुम्हाला काय हवंय?"

त्याने इतका वेळ घेतला की मास्तर आतून डोकावून गेले. मग म्हणाला, "नावाड्याच्या घरी जायचंय. रिकाम्या हाताने दोनदा निघालो आणि स्टेशनवरून परत आलो."

मी खाकी उसवली. तुझा टाका घट्ट असतो, मामा, ब्लेड लागलं. त्याच्यासमोर कानसेने कडेची अक्षरं घासली. 'परत' गेलं, 'आलो' गेलं, 'सगळे' जायला वेळ लागला, ते मी जास्तच खोल कोरलं होतं. कड कोरी झाली. मग त्याने सांगितलं तसा, पुलाच्या खाली, पाण्यावरून तिरपा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोर कोरला. दोराचं एक टोक मी मोकळं ठेवणार होतो. तो म्हणाला, "नाही. तिथे हात काढ." नखाएवढ्या जागेत हात काढायचा म्हणजे काय ते तुला कळेल. दोन दिवस गेले. बोटं पाच दिसतात, भिंगातून.

सोमवारी तुझे साहेब आले. मी समजलो होतो कुणी उंच, मिशाळ असेल. ते बारके आहेत, चष्मा लावतात, आणि बसा म्हटलं तरी बसत नाहीत. मास्तरांनी नमुना पुढे केला. ते बघत होते ते माझ्या बाकावरचं.

"याची अक्षरं?"

"घासली."

"का?"

मामा, मी मनात तयार केलेलं भाषण होतं, पाठ केलेलं, चालताना. त्यातलं एकच वाक्य आलं. म्हटलं, "नावाडी सगळ्यांत धरला नव्हता ना, म्हणून."

मास्तरांच्या हातातून नमुन्याची पेटी निसटली. "ए कॉलेज, साहेबांशी असं बोलतात?" साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. पदक उचललं, चष्मा वर करून डोळ्याजवळ नेलं. बराच वेळ. माझ्या लक्षात आलं, ते हात बघतायत.

"मी माझी माणसं मोजली," ते म्हणाले. "ते माझं काम होतं. दुसऱ्यांदा वेळ आली तरी मी त्याला नावेत ओढणारच."

मी बाकावरचा कीस फुंकून बाजूला केला.

मग त्यांनी विचारलं, "हे मला देतोस?"

"नाही. हे दिलेलं आहे."

"कुणाला?"

"नाव माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

ते खिडकीशी गेले. समोरच्या दुकानाचा पडदा, तोच तो, त्यांच्या तोंडासमोर. तिकडे बघत म्हणाले, "नाव विचारायचं राहिलं. घर माहीत आहे. होडी मागायला मीच गेलो होतो त्याच्याकडे, आदल्या संध्याकाळी. पलीकडच्या काठाला, पुलापासून वरच्या अंगाला, चुना लावलेलं घर. अंगणात बांबूवर जाळी वाळत होती. बायको होती, दोन मुली. थोरलीने आम्हाला पाणी दिलं." मग नमुन्याच्या पेटीवर सही केली. "मेळाव्याचं काम होऊ दे. ज्यांना हवं आहे त्यांना मिळालं पाहिजे." आणि गेले. खिशाच्या झाकणाला हात लावला का ते मी बघत होतो. नाही लावला.

मी धावत त्यांच्या मागे गेलो नाही. मी धावत गल्लीतल्या शेवटच्या घरी गेलो. तिच्या दादाला घराची खूण सांगितली. त्याला ती माहीत नव्हती, काठावर जाऊन विचारत फिरणार होता, त्याने तो काठ फक्त धुक्यात पाहिला होता. त्याने हातातली तार खाली ठेवली. म्हणाला, "तू चल. हात तू काढलायस, तिथे कुणी विचारलं तर तू सांग." मग जरा थांबून, "सांग म्हणजे थोडक्यात सांग."

आईला त्याने स्वतः सगळं सांगितलं, कधी ते मला माहीत नाही. मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "शिंप्यांना सांगा, त्यांचं बरोबर होतं."

मास्तरांना काल सांगितलं की जातोय. ते म्हणाले, "काम अर्ध्यात आहे. मेळावा तोंडावर. कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता हेही. परत आलास तर जागा असेल असं मी म्हणणार नाही." मी म्हटलं, डायच्या कडा ताज्या केल्या आहेत, तपासून घ्या, फक्त दणका मारायचा राहिलाय. त्यांनी तपासल्या. नंतर दिवसभर मला चकत्या आणायला सांगितलं नाही.

मी ती अक्षरं कोरली, मामा. ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी कोरली. तुझ्यावर ओरडणारा मी, मलाच ते पटलं आणि नाहीही पटलं.

आता राहिली ती. बोलत नाही अजून. पण आत्ता, हे लिहिताना, समोरचा पडदा बाजूला झाला आणि ती रस्ता ओलांडून आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली. हातात चष्म्याची डबी होती, आतून मखमल असलेली, चांगल्यातली. म्हणाली, "खिशात घासलं जाईल. यात ठेव." मी पदक डबीत ठेवलं. बरोबर बसलं. तिने झाकण लावून बघितलं, उघडून बघितलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाली, "निळं गडद आहे अजून." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "राहू दे. पाणी तिथे तसंच असेल."

आता ती खाली पायरीवर उभी आहे. आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला की पुढेही, मी विचारलेलं नाही. तिचा दादा कोपऱ्यावर आलाय, बॅग जमिनीवर न ठेवता, एका हातातून दुसऱ्या हातात घेतोय. त्याला भीती वाटतेय की स्टेशनवरून पुन्हा परत येईल. मलाही तीच वाटतेय. तिथे पोहोचल्यावर मी काय सांगणार आहे? त्या थोरल्या मुलीला काय म्हणणार, हा तुझ्या बापाचा हात, मी अंदाजाने काढलाय?

"येतोयस ना?" ती खालून विचारतेय.

पत्र वाटेत पेटीत टाकतो. डबी खिशात आहे, डबा पिशवीत. मास्तर प्रेसपाशी पाठमोरे आहेत, त्यांना सांगितलं तरी ऐकू जाणार नाही, तरी येतो म्हणून सांगतो. कॉलेजातून निघालो तेव्हा दार असं आपटलं होतं की शिपाई बाहेर आला होता. हे दार जड आहे, आणि मागे मीना भट्टीत आहे, वारा लागता कामा नये. हळूच ओढून घेतो.

तुझा,
भाचा